सोडत

एप्रिलच्या पाच तारखेला पाणपोई सुरू झाली.
फीत मी कापली, कात्री ह्यांनी धरली होती,
फलकावर 'नगरसेविका सौ. मंदाकिनी झुलाल महाजन',
त्यात झुलाल जरा ठळक.
चार रांजण, तळाशी वाळा, स्टीलचे पेले.
तिसऱ्या दिवशी एक पेला गेला,
पाचव्या दिवशी दुसरा, साखळीसकट.

मग लग्नं. एका तिथीला सात.
चोपड्यात पारा पंचेचाळीस,
मांडवात कूलरचं पाणी तोंडावर उडतंय,
आणि माईकवर कोणीतरी ओरडतंय,
'झुलालभाऊ आलेले आहेत, सोबत वहिनीसुद्धा.'
सुद्धा.
सातव्या मांडवात मी चुकीच्या नवरीला आहेर दिला.
तिनं घेतला.

मे महिन्यात शाळा नंबर चारमध्ये
हस्ताक्षर शिबिर ठेवलं, सरबतासकट.
एकसष्ट मुलं आली, साठ सरबतासाठी.
उरली ती अलिशा सायबू तडवी, पाचवी पास.
प्रमाणपत्र उन्हात धरून म्हणाली,
'मॅडम, तुम्ही बोर्डावर सरळ लिहिता,
मग सही अशी तिरकी का?'
घाईत होते, म्हटलं.
सही ह्यांची होती.
साडेचार वर्षं ह्यांचीच आहे:
टँकरच्या अर्जावर, गटारीच्या ठरावावर,
रहिवासी दाखल्यांवर, श्रद्धांजलीच्या पत्रावर.
त्या दुपारी मुलं गेल्यावर
शेवटच्या बाकावर बसून
मी माझं नाव वीस वेळा लिहिलं.
'कि'ची वेलांटी काही केल्या जमेना.

आखाजीला चार दिवस माहेरी, अनेरच्या काठी.
घागर भरली, वर डांगर ठेवलं,
खापरावरचे मांडे, वाटीत रस,
आणि निंबाला बांधलेला झोका.
तिथं मला मॅडम कोणी म्हणत नाही.
मंदी म्हणतात, आणि लगेच पुढं,
'तुना गावमा मना पोऱ्याले शिपाईमा लाव ना व!'
धुडकूमामा झोका धरूनच उभा राहिला,
हो म्हणेपर्यंत सोडेना.
झोका वर गेला की केळीच्या पलीकडे नदी दिसे,
म्हणजे वाळू,
आणि वाळूत ट्रॅक्टर.
त्याच्यावर झेंडा आमच्याच पक्षाचा.
खाली आले की दिसत नसे.
मी बराच वेळ झोका घेतला.
गाण्यातलं एकही कडवं मला आठवलं नाही,
वहिनी म्हणाल्या, 'राजकारणमा गयी, गाना भुली गयी.'

जूनच्या सुरुवातीला आरक्षणाची सोडत.
पालिकेचं सभागृह, पंखे तीन, फिरणारा एक.
प्रांतसाहेब, काचेची बरणी, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.
चिठ्ठी काढायला शाळेतलं मूल लागतं,
निर्मळ हात, असं काहीतरी कोणी म्हणालं,
आणि शाळा नंबर चारमधून आली अलिशा,
गणवेशाला घरच्या इस्त्रीचा डाग.
तिनं हात कोपरापर्यंत घातला.
प्रभाग सात.
सर्वसाधारण.

ह्यांनी टाळी वाजवली नाही, फक्त मिशीला हात लावला.
मागच्या रांगेतून कोणीतरी फटाक्याच्या दुकानाला फोन केला.
भिला टेलर मला म्हणाला, 'सुटलात, वहिनी.'
माझ्याही तोंडून निघालं, 'हो ना.'

जिन्यात ती पाणी पीत उभी होती.
'मॅडम, सर्वसाधारण म्हणजे कोण?'
म्हणजे कोणीही.
'बाया पण?'
बाया पण.
'मग सगळे झुलालकाकांचंच अभिनंदन का करून राहिले?'
मी तिच्या बाटलीचं झाकण लावून दिलं.
ते आधीच लागलेलं होतं.

घरी गुलाल. ओसरीवर चहाचे चाळीस कप.
दारात सुकमाबाई, कमरेवर रिकामी कळशी,
'पानी उनं का व माय? सहा रोज व्हयनात.'
आतून ह्यांचा आवाज, 'कागद ठेव तिथं, करतो सही.'
मी कागद घेतला.
कपाच्या बशीवर टेकवून,
हळू, सगळ्यांसमोर.
वेलांटी या वेळीही बिघडली.
सुकमाबाई अक्षराकडे बघत होती, मग माझ्याकडे.
'आसं चाली का?' म्हणाली.