सात रस्त्याला उभा

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी
सात रस्त्याला मी उभाच राहिलो.
समोर हिरवा माणूस पेटणार नव्हता,
पेटायला तो खांबावर मुळात नव्हताच.
तरी पाय उचलेना.
मागून सिद्राम पानवाला ओरडला,
"म्याकल मामा, पाहुणे यायचेत का कुणी?"

एकवीस दिवस कोपनहेगनला होतो, लेकीकडं.
श्रीलता आठला कामावर निघायची,
निघताना माझ्या हातात कार्ड द्यायची
आणि शाळेच्या फाटकात सोडल्यासारखं सांगायची :
चढताना टेकवा, उतरताना टेकवा,
सायकलच्या वाटेवर पाय ठेवू नका,
हरवलात तर आहात तिथंच थांबा.

पहिल्याच दिवशी ठेवला.
बसमधून उतरलो तो थेट सायकलींच्या धारेत.
एक बाई, पुढच्या पेटीत दोन पोरं घालून,
घंटी वाजवत अशी सुटली
की मला शेडमधला धोटा आठवला.
आडवं आलं तर बोट जातं, शिवी वेगळी.
हिनं मात्र शिवी दिली नाही.
नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

तिथल्या मेट्रोला ड्रायव्हर नाही.
हे मी अजून अशोक चौकात कुणाला पटवू शकलो नाही.
मी सगळ्यात पुढं, काचेला नाक लावून बसायचो,
शेजारी कुणाचं तरी चार वर्षांचं पोर,
दोघांनाही तीच जागा हवी.
बोगदा अंगावर यायचा.
चौतीस वर्षं मी यंत्रमागाचा जॉबर.
चार माग एक माणूस बघतो, हे ठाऊक,
पण बघायला कुणीच नाही?
धागा तुटला तर गाठ कोण मारणार?
पोर तोंडानं घुंघुं करत गाडी हाकत होतं.
म्हटलं, चला, कुणीतरी आहे.

रात्री नऊला आम्ही होडीत बसायचो,
म्हणजे बसच ती, पाण्यावरची, तेच कार्ड.
ही पिशवीतून कडक भाकरी काढायची,
मोडल्याचा आवाज अख्ख्या होडीला जायचा,
शेंगाचटणी वाऱ्यानं उडायची,
आणि ऊन तसंच, मावळायचं नाव नाही.
"इथल्या उन्हाला घाम येत नाही," ही म्हणाली,
आणि शाल आणखी घट्ट ओढली.

स्टेशनांची नावं लिहिलेली असतात लांबलचक,
बोलताना निम्मी अक्षरं ते लोक गिळतात.
आमची घरातली तेलुगू;
तिच्यात शब्दाच्या शेवटचा स्वरसुद्धा कुणी टाकून देत नाही.
म्हणून मी नावं सोडली, स्टेशनं मोजायला लागलो.
एकदा मोजणी बरोबर आली
आणि दिशा उलटी.

शेवटच्या थांब्यावर उतरलो. फोन मेलेला.
तिथंच थांबलो, सांगितल्याप्रमाणं.
पावणेदोन तास.
एक म्हातारा कुत्र्याला घेऊन दोनदा गेला,
दुसऱ्यांदा त्यानं मान हलवली, मीही हलवली,
एवढंच आमचं बोलणं.
मग श्रीलता आली, सायकलवर, लाल तोंडानं.
मला वाटलं, आता झापणार.
सायकल तशीच पाडून ती म्हणाली,
"हलला नाहीत ना? बरं केलंत.
मी सहा वर्षांची होते, गड्ड्यात हरवले होते,
तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं."
मला आठवेना.
गड्डा आठवला, भाग्यश्रीच्या बांगड्यांचं दुकान आठवलं,
सांगितलेलं आठवेना.
मी हो म्हणालो.

कार्ड अजून शर्टाच्या खिशात आहे.
विमानतळावर शेवटचं टेकवायचं राहिलं.
पैसे कापले, तिचा फोन आला होता.
किती, ते तिनं सांगितलं नाही.

तर सात रस्ता. बेचाळीस डिग्री.
पाण्याचा टँकर गेला, रिक्षा गेल्या,
उलट बाजूनं एक बुलेट आली नि माझ्याच अंगावर खेकसली.
सिद्रामनं चुन्याचं बोट पायजम्याला पुसलं,
माझा दंड धरला,
दुसरा हात वाहनांपुढं आडवा करून
मला पलीकडं नेऊन सोडलं.

पलीकडं माझं काही काम नव्हतं.