एकच पान

किरपेकरांचा फोन, पुण्याहून:
कॅलेंडरच्या नोव्हेंबरला पानगळ हवी, कोकणातली,
लाल, केशरी, अंगावर येणारी.
मी म्हटलं, नोव्हेंबरात आमच्या सड्यावर गवत तेवढं पिकतं,
घाटाच्या अंगाला किंजळ थोडा गंजतो,
बाकी सगळं हिरवंच, आणि हट्टानं.
ते म्हणाले, बघा काहीतरी.

जानेवारीपर्यंत थांबलो.
आचऱ्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
एक बदाम आहे. त्याला कुणी लावलेला नाही.
वटवाघळानं टाकलेल्या बीचा तो, असं म्हणतात.
फांद्या मजल्यामजल्यानं, आणि पानं इतकी तांबडी
की वाळत घातलेल्या जाळ्यावर पडली
तर लांबून वाटतं, काहीतरी लागलं.

पहिल्या दिवशी पोचलो तर खळं लख्ख.
शेवंती मेथर पहाटेच झाडून मोकळी,
कडेला ढीग, नुसता धुमसत.
दोन दिवस झाडू नकोस, मी म्हटलं.
"तुजो फोटो होतलो,
माज्या सुकटीत पानां पडतली तेचां काय?"
शेवटी एक सकाळ ठरली,
ऊन झाडाच्या शेंड्यावरून बुंध्याशी उतरेपर्यंत. वर एक मिनिट नाही.

ती सकाळ वाऱ्याविना होती.
सूर्य डोंगरामागून उशिरा आला, आमच्याकडे येतो तसा,
आणि पानं मागून पेटली.
पोलरायझर फिरवत गेलो:
पानांवरची चकाकी उतरली,
आतला लाल वर आला,
शिरा दिसल्या, म्हाताऱ्या हातावर दिसतात तशा.
फोकस एका पानावर धरला,
शर्टाच्या बटणासारखी दोन भोकं पाडलेली त्याला किड्यानं.
चव्वेचाळीस फ्रेम. शेवंती कोपऱ्यात खराटा टेकून उभी,
ऊन मोजत.

रात्री स्क्रीनपुढे. लाईट दोनदा गेली.
हिरवा ओढून पिवळ्यात नेला, पिवळा केशरीत,
तर मागचे माड रोग पडल्यासारखे झाले
आणि खाडी गढूळ.
मास्क घातला, माड वाचवले.
खाडीला थोडी निळाई परत केली, उसनी.
बाबा काळ्यापांढऱ्या फोटोत ब्रशनं रंग भरायचे,
नवरीच्या ओठांना आणि शालूला एकच बाटली,
आणि लोक म्हणायचे, अगदी जिवंत.
मी तांबड्याची पट्टी अजून जरा सरकवली.
मग अजून जरा.

राहिली शेवंती.
डावीकडे तिचं कोपर, लुगड्याचा हिरवा काठ
आणि खराट्याचं टोक.
तिच्या हातावरही केशरी चढलं होतं,
कावीळ झाल्यासारखं.
शेजारची पानं उचलून
तिच्यावर पसरत गेलो. कोपर बुजलं,
काठ बुजला. खराट्याला वेळ लागला.
दीड वाजता झाड एकटं उभं होतं
कुणी कधीच न झाडलेल्या अंगणात.
किरपेकरांचा अंगठा आला, लगेच.

कॅलेंडर दिवाळीनंतर हाती पडलं.
एक प्रत शेवंतीला नेऊन दिली, नोव्हेंबर वर काढून.
सुंगटं सोलत होती. हात पदराला पुसले,
कागद उजेडाकडे धरला,
माशाचा कल्ला उघडून बघतात तसा,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, स्वतःला शोधतेय.
मग बोट ठेवलं,
एकदा, दुसऱ्यांदा, पार डावीकडे तिसऱ्यांदा,
बोटाचा ओला ठसा उमटला तिथे.
"ह्यां दोन भोकांचां पान.
एकच पान तीनदा कसां पडलां?"

मी म्हटलं, वारा होता.

"त्या दिवसा?" ती म्हणाली,
आणि सुंगटांचं टोपलं
पुढे ओढलं.