पहिलं तेल

कीथलीच्या दुकानात तेलांची अख्खी भिंत आहे.
सोनेरी डबे, काळे डबे, डब्यांवर उधळलेल्या गाड्या,
आणि त्यांच्यापुढे मी,
स्थळं बघायला बसलेल्या मामासारखा.

शून्य-तीस. पाच-चाळीस. वीस-पन्नास.
मागच्या खेपेला सगळ्यांत महाग उचललं होतं.
पातळ, नितळ, मधाच्या रंगाचं,
स्वतःच्याच अंगाला चोळावं वाटेल असं.
सहाशे मैलांत कॅमशाफ्टचे उंचवटे
चघळलेल्या पेन्सिलीसारखे झाले.
तेल गेलं, कॅम गेला,
हाती धुपाटणंसुद्धा आलं नाही,
नुसतं बिल.

मग माझ्या एस्कॉर्टचं इंजिन गेलं डोरीन हार्डकासलकडे.
वय चौऱ्याहत्तर, लोकरीची टोपी,
नवरा गेल्यापासून लेथ विकायला काढलेली,
आणि गिऱ्हाईक दिसलं की किंमत वाढवणारी.

तिनं तेलाचं नावसुद्धा काढलं नाही.
कॅमवर तेल शिंपडणारी बारीक नळी सोडवली,
ओठांशी धरून फुंकली,
बोटानं एकेक भोक चाचपलं.
अर्ध्याहून जास्त मुकी.
"आता सांग," म्हणाली, "कुठलं तेल घालू?"

मी जमिनीकडे बघत राहिलो.
वर्षभर मी तेलाला शिव्या घातल्या होत्या,
आणि ते बिचारं दाराशीच अडलेलं.

नवा कॅम आला. सिलिंडरच्या भिंतींवर
तिरक्या रेघांची जाळी घासली गेली.
बेअरिंगमधली मोकळीक तिनं
गॅसच्या बिलामागे पेन्सिलीनं लिहिली:
सव्वादोन हजारांश इंच.
"तापून पातळ झाल्यावरही या फटीत जे तग धरेल, ते तुझं."

माझ्या आजोळी कवठ्याला
गाडीच्या कण्याला ओंगण घालायचे.
चाक कुरकुरलं की घालायचं, एवढंच मोजमाप.
हे तिला सांगितलं.
हेही सांगितलं की आमच्यात तेलालाही स्नेह म्हणतात
आणि जिव्हाळ्यालाही.
"मग दोन्ही गळतच असणार," ती म्हणाली,
आणि सँपखाली पुठ्ठा सरकवला.

शेवटी घेतलं ते सगळ्यांत खालच्या फळीवरचं.
साधं खनिज तेल, वीस-पन्नास, जस्त भरपूर.
डब्यावर गाडी नाही, धूळ होती.
फार निसरडं दिलं, तर रिंगा भिंतीला रुळतच नाहीत, म्हणे;
आधी थोडं घासावं लागतं एकमेकांना.
(मुक्ताला हे फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, अठ्ठावीस वर्षं घासतोयस, बाबा.
आईला बोलावू?)

फेब्रुवारी, सकाळचे नऊ, उतारावरचं गॅरेज.
प्लग काढून आधी नुसतंच फिरवलं,
दाबाचा काटा जागा होईपर्यंत.
कॅमवर आठही थेंब पडताना मी डोळ्यांनी पाहिले.
प्लग लावले. किल्ली.
खोकलं, आणि पेटलं.

रेंगाळू द्यायचं नाही, दोन हजारांच्या वरच,
वीस मिनिटं.
डोरीननं अंडी उकडायचं घड्याळ लावलं.
शेजारचा टेरी कानांवर हात ठेवून आला,
ओरडायला तोंड उघडलं,
आणि तसाच उभा राहिला, उघड्या तोंडानं, ऐकत.
कुणी बोललं नाही. बोललो असतो
तरी ऐकू गेलं नसतं.

घड्याळ वाजलं. बंद केलं.
तेल ऊन ऊन सोडून दिलं, सगळं.
फिल्टर करवतीनं कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या:
चिमूटभर चमक, रांगोळी सांडावी एवढी,
कुरळा तुकडा एकही नाही.

डोरीननं एक थेंब अंगठ्याशी घेतला,
चोळला, हुंगला.
"हं," म्हणाली.
महाग डबा अजून फळीवरच आहे.
त्याचं काय ते पाचशे मैलांनंतर बघू.
मग तिनं इकडेतिकडे चिंधी शोधली,
आणि सापडेना, तेव्हा
बोटं माझ्याच बाहीला पुसली.