वापराचा रकाना

नकाशात प्रत्येकाला रंग आहे.
गावठाण पिवळं, ऊस हिरवा,
ओढा निळा; जरी संक्रांतीनंतर त्यात
नुसते गोटे आणि गुऱ्हाळाची मळी.
गट नंबर दोनशे सतरा मात्र
कागदाच्याच रंगाचा.

कोल्हापूरच्या ऑफिसातून निघताना साहेब म्हणाले,
चौगुलेबाई, रकाना कोरा ठेवू नका.
कोरं दिसलं की कुणीतरी भरतं.

कळ्याच्या पुढं, गगनबावड्याच्या एसटीनं
फाट्यावर उतरवलं. कासारमाळ.
चावडीत पंखा आवाज करत होता.
सरपंच म्हणाले, गोदाम घाला.
उपसरपंचांच्या खिशात प्लॉटचं रेखांकन,
घडीवर फाटत आलेलं.
एक पोरगा म्हणाला, सोलर.
कोपऱ्यातून कुणी म्हणालं, पार्किंग.
कशाचं पार्किंग?
लागंल की, पुढंमागं.

मी विचारलं, आज काय आहे तिथं?
काय न्हाई. रिकामीच हाय.

तेव्हा दाराशी बसलेल्या हौसाक्का कुंभार
पदराखालनं बोलल्या,
घागर रिकामी असत्या.
बाळंतीण मोकळी हुत्या.
येकच हाय व्हय ह्ये?

कुणी हसलं. पंखा चालू होता.
मी वहीत दोन्ही शब्द लिहिले
आणि एकमेकांपासून लांब लिहिले.

सकाळी माळावर दादू कोळेकर झेंडा घेऊन पुढं,
मी यंत्र घेऊन मागं.
तीन दगडांच्या काळ्या चुली जागोजागी,
बीडकडची टोळी गेली की कोप्या मोडतात,
चुली तेवढ्या राहतात
पुढच्या कार्तिकापर्यंत वाट बघत.
दादू चालता चालता बोट दाखवायचा,
हितं आमची मेंढरं बसत्यात.
हितं माझी सायकल मोडली, आणि ह्यो दातबी.
मग थांबला एका उंचवट्यावर,
जरा वेळ काही बोललाच नाही.
पुराच्या साली हितं, म्हणाला,
दोनशे जनावरं. आमची, त्येंची, कुणाची कुणाची.
दावी तोडून आणल्याली.
म्हशी रात्रभर कुंभीकडं तोंड करून हंबरत हुत्या.
गोदाम असतं तर बाई,
गोदामाला कुलूप असतं.

तिवईचा तिसरा पाय रोवताना
टिटवी अंगावर आली. ओरडून ओरडून.
मला दगडच दिसत होते.
दादूनं माझा हात धरून खाली वाकवलं:
त्यातले चार दगड दगड नव्हते.

यंत्र हलवलं की नोंद करावी लागते.
कारण: अंडी.
ऑफिसात ते वाचून तिघं हसले,
चौथ्यानं चहा सांगितला.

संगणकात वापराचे सतरा पर्याय येतात.
निवासी, औद्योगिक, स्मशान, डेपो.
मोकळी नाही.
'पडीक' आहे. पण पडीक म्हणजे
पडलेली, आणि ती तर उभी होती,
वारा अंगावर घेऊन, क्षितिजापर्यंत.
मी 'इतर' निवडलं.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा होती.
पुरात जनावरं, एरवी
एवढ्यावरच निम्मी संपली.

एरवी काय?
हे मला नीट लिहिता आलं नाही.
एरवी तिथं गावाची नजर लांब जाते,
हे वाक्य कायद्यात कुठल्या कलमाखाली बसतं?

आता मसुदा भिंतीवर लागलाय.
हरकतींना तीस दिवस.
उपसरपंचांची आली, वकिलाच्या कागदावर,
चार पानं, 'विकासाच्या दृष्टीने'.
काल एक आली वहीच्या फाडलेल्या पानावर,
नातवाच्या अक्षरात, खाली निळा अंगठा:

माझ्या उंबऱ्यातून कुंभीचं वळण दिसतं.
ते दिसाया लागतं.
माती कालवताना मान वर करायची सवय हाय.

आवक क्रमांक पडलाय.
सुनावणीची तारीख अजून नाही.
नकाशावर दोनशे सतरा
मी अजून रंगवलेला नाही.
पेन्सिलीनं कडेकडेनं
चार बारीक ठिपके तेवढे काढलेत,
साहेबांना वाटेल, दगड.