छोट्या फेऱ्या

बाई आल्या तेव्हा मी आडवा होतो,
दुसऱ्याच कुणाच्या गाडीखाली.
आधी बूट दिसले.
डावी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली.
ती झीज मी ओळखतो. शाळेत तीन वर्षं
फळ्याकडे मान वर करायची हिंमत नव्हती,
तेव्हा तेवढीच पाहत बसायचो.

"गाडी गळतेय, मुकुच," आर्पेनिक बाई म्हणाल्या,
"मागच्या नळीतून. थेंब थेंब.
कुठेतरी पाणी मुरतंय."

ग्युम्रीत त्या सकाळी उणे अठरा.
हमायाकची जुनी झिगुली दारात धुगधुगत उभी,
डिकीत गॅसची लाल टाकी,
नळीच्या ओठावर एक थेंब,
पडू की नको करत.

ज्यांच्या हातून रसायनात दोनदा नापास झालो
त्यांनाच मी समजावायला लागलो.
बाई, ही गळती नाही.
बोटावर घेऊन पाहा, वास नाही, चिकटपणा नाही.
गाडीला पडसंही झालेलं नाही.
गॅस जळतो म्हणजे नुसता संपत नाही,
त्याच्यातला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूला गाठतो
आणि आगीच्या पोटी पाणी जन्मतं.
निघतं वाफ होऊन. पण नळी असते गार,
भिंतीला टेकलं की थेंब.

"एका मिथेनमागे किती रेणू?"

मी पान्हा पुसत राहिलो. स्वच्छच होता.
"एक."
"दोन," बाई म्हणाल्या.
"तेव्हाही तू एकच लिहिलं होतंस."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.
मग आल्या कशाला, हे मी विचारलं नाही,
गाडी वर घेतली.
सायलेन्सरला खालून बोट लावलं
तर बोट सरळ आत गेलं.
गंजाचे पापुद्रे माझ्या कपाळावर पडले,
हलवला तर पोटात पाणी डुचमळलं.

जाता कुठे कुठे?
बेकरीत. औषधाच्या दुकानात.
शनिवारी दफनभूमीत, ते दीड किलोमीटर.
इंजिन बंद, अर्धा तास, मग परत.
आणि गॅस संपला की पंपावर.
तिथे नियम आहे, टाकी भरताना
सगळ्यांनी उतरायचं, लांब उभं राहायचं.

"सगळे म्हणजे मीच," बाई म्हणाल्या.
"मी उतरते. मग फिरून जाऊन
त्याच्या बाजूचं दारही उघडते, लावते.
पंपावरचा पोरगा काही बोलत नाही."

मीही बोललो नाही.
नवा सायलेन्सर चढवला, पट्टा आवळला,
आणि वर न बघता सांगितलं,
बाई, छोट्या फेऱ्यांनी नळी मरते.
तापायच्या आतच तुम्ही किल्ली काढता,
मग पाणी जाईल कुठे? आतच बसून लोखंड खातं.
आठवड्यातून एकदा लांब जा. अशोत्स्कपर्यंत.

"तिथे माझं कोण आहे?"
कुणी नाही. नळीसाठी जा.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला
झिगुली उत्तरेच्या रस्त्याला लागली,
मागे हे एवढं पांढरं शेपूट.
परतली तेव्हा दिवे लागले होते.
बाई माझ्या दारासमोर थांबल्या,
काच खाली केली नाही, इंजिनही बंद केलं नाही,
काही मोजत असल्यासारख्या दोन मिनिटं बसल्या आणि गेल्या.
मी बॅटरी घेऊन जागा तपासली.
कोरडी.

त्या दिवशीचं पाणी मात्र उंबऱ्याशी गोठलंय,
कोटाच्या बटणाएवढं, गढूळ.
दोन गिऱ्हाइकं घसरली त्याच्यावरून,
एकाने तर आईवरून शिवी दिली.
पहार बाजूलाच आहे.
मी त्याच्यावर पुठ्ठा टाकून ठेवलाय.