आवाज गेला तेव्हा

निपाणीच्या टॉकीजमध्ये तिसऱ्या रिळात
आवाज गेला.
मागून कुणी ओरडलं, 'साउंड हाकरी!'
पुढून शिट्टी. मग तीही नाही.

पडद्यावर दोन भाऊ, एक टेबल,
तीन कप. तिसरा पालथा.
धाकटा बशीच्या काठावर बोट फिरवतोय,
फिरवतोय.
थोरला खिडकीचा पडदा ओढतो
आणि त्या पडद्यावर
बाहेरच्या कुणाची तरी सावली येऊन थांबते.

अंधाराला जर्द्याचा वास.
वखारीतून थेट आलेली माणसं,
खोकलासुद्धा धरून बसलेली.

शेजारची तानूबाई,
विड्या वळून पिवळ्या पडलेल्या बोटांनी
खुर्चीचा दांडा घट्ट पकडून पुटपुटली,
'पालथा कप म्हंजे माणूस मेलेलं न्हवं.
येऊ नको म्हणून सांगितल्यालं.'

तिच्या फडताळात असा एक पेला आहे.
मी पाहिलाय.
विचारलं नाही.

वर बसगोंडानं तार जोडली.
एकदम व्हायोलिनं, गडगडाट,
थोरल्याचं लांबलचक बोलणं:
वडील, वाटणी, शपथ,
सगळं समजावून सांगू लागला तो.

तानूबाईनं पदराची गाठ सोडली,
शेंगदाणे काढले,
मला मूठभर दिले
आणि पडद्याकडे न बघता
खात बसली.