प्रश्न क्रमांक अकरा

मिनेसोटाच्या नकाशात, खाली डाव्या कोपऱ्यात
एक गाव आहे, डुकराच्या मांसाच्या कारखान्याभोवती वसलेलं.
तिथल्या शाळेच्या ग्रंथालयात, नादुरुस्त प्रिंटरशेजारी
मला एक टेबल मिळालं. बुधवार आणि शुक्रवार, शेवटचा तास.
माझा प्रबंध: पौगंडावस्थेतील वांशिक ओळखीची जडणघडण.
मुलं एकतीस. प्रत्येकी चाळीस मिनिटं,
आणि शेवटी पाच डॉलरचं कार्ड, बर्गरच्या दुकानाचं.

एह डो पंधरा वर्षांचा, कॅरेन.
त्याच्या लोकांत आडनाव नसतं,
पण शाळेच्या संगणकाला आडनावावाचून करमत नाही,
म्हणून त्यानं नाव मधोमध मोडलं.
एह म्हणजे माया, ते नाव. डो म्हणजे मोठी, ते आडनाव.
बहीण पॉ वा: फूल, आणि पांढरं.
कचेरीतल्या बाई अजून विचारतात,
आडनावं वेगळी, मग तुम्ही सख्खी कशी?
“आता आम्ही चुलत सांगतो,” तो म्हणाला, “लवकर सुटका होते.”

अकरावा प्रश्न असा होता:
माझ्या समूहाचा इतिहास जाणून घेण्यासाठी मी वेळ काढतो.
एक ते पाच. अजिबात नाही ते पूर्णपणे.

कोल्टन ब्रुन्सनं विचारलं, समूह नसेल तर काय करायचं?
आम्ही आपले साधे, म्हणाला,
आणि मग मानेपर्यंत लाल झाला. मी काहीच बोलले नव्हते.
हावीनं सगळीकडे पाच ओढले, चार मिनिटांत.
पेन आपटलं. “अजून काय सिद्ध करून हवंय?”
एह डोनं मात्र पेन्सिल धरून ठेवली.
“समूह म्हणजे कुठला?
जेवणाच्या टेबलावरचा, रविवारी चर्चमधला,
की गणिताच्या सरांना जो अख्खा चिनी वाटतो, तो?”
“तुला वाटेल तो,” मी म्हणाले.
असंच म्हणायचं असतं. आम्हाला तसं शिकवलंय.

त्यानं तीन आणि चारच्या मध्ये एक ठिपका दिला
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं:
बाबा सांगतात, पण रात्रपाळीहून आल्यावर.
तेव्हा मी झोपेत असतो.

डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या, मधला ठिपका अवैध.
साडेतीन धर, नाहीतर ओळ गाळ.
समासाचं काय? समासाला रकाना नाही, मारिसेला.

रात्री मुलाखती उतरवत बसले.
एकोणिसाव्या मिनिटाला त्याच्या आईचा फोन आला होता;
तो खुर्ची वळवून बोलला, अकरा सेकंद.
यंत्रानं तिथे लिहिलं: अस्पष्ट.
मी ते सात वेळा ऐकलं. अस्पष्ट काहीच नव्हतं.
आवाज स्वच्छ होता, मुलाचा आवाज,
इंग्रजीतल्यापेक्षा थोडा जाड, थोडा लाडात आलेला.

माझे वडील असे गॅरेजमध्ये बोलायचे,
शटर खाली ओढून, ग्वातेमालाला फोन लावून.
गावात कुणी विचारलं तर, आम्ही मेक्सिकोचे.
तेवढं लोकांना माहीत असायचं, पुढचे प्रश्न वाचायचे.
त्या भाषेचं नाव माम,
हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, अभ्यासक्रमातल्या एका तळटीपेत.

शेवटच्या शुक्रवारी कार्ड खिशात घालताना तो म्हणाला,
“मिस दोमिंगो, तुम्ही कितीवर खूण केली?”
चाचणीचा पहिला फॉर्म मीच भरला होता, मार्चमध्ये.
चार.
का, ते आठवत नाही. चार हा आकडा सभ्य वाटला असावा.
त्याला मी म्हटलं, आठवत नाही.
तो हसला. बर्गरला अजून दोन डॉलर कमी पडतात, म्हणाला.

ओळ मी गाळली नाही. साडेतीनही लिहिले नाहीत.
लिंडक्विस्टबाईंची लाल खूण अजून तिथेच आहे.

पार्किंगमधून वडिलांना फोन लावला, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.
मिठाला काय म्हणतात आपल्यात?
“आत्ता? काय झालं? बरी आहेस ना?”
मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं.
मी म्हटलं, लिहितात कसं?
“लिहिलेलं मी कधी पाहिलंय? ऐक फक्त.”
ते परत म्हणाले.
मागे कारखान्याचा भोंगा झाला
आणि शब्द निम्माच पोचला.